खाली-वर निखारे : कोकण किनाऱ्यावरचा पाव आणि सणांचे भाजलेले पदार्थ

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान, वाशी, नवी मुंबई)

१. भाकरीचा मुलूख

महाराष्ट्रातल्या जुन्या घरात चूल होती, तवा होता, खापर होते, भट्टी नव्हती. चारही बाजूंनी सारखी धग लागेल अशी बंद जागा स्वयंपाकघरात असावी, ही गरजच इथल्या धान्यांनी निर्माण होऊ दिली नाही. कोकणात तांदूळ आणि नाचणी, घाटावर ज्वारी आणि बाजरी. या धान्यांत ग्लुटेन नसते. गव्हाचे पीठ मळले की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते, खमिराने सुटलेला वायू त्यात अडकतो आणि गोळा फुगून उभा राहतो. तांदळाचे पीठ आंबवले तर आंबोळी जाळीदार होते, पण ती तव्यावर पसरते. पावासारखी उभी राहत नाही. म्हणून या प्रदेशाची रोजची भाकरी थापून, तव्यावर टाकून, आरावर फुगवून घ्यायची.

सणासुदीला मात्र भाकरीच्या पलीकडचे काही हवे असे. त्यासाठी भट्टीवाचून भाजण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यांतली सर्वांत साधी म्हणजे पदार्थ निखाऱ्यातच पुरणे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवतात. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदा-वांगे अनेक घरांत याच दिवशी पुन्हा पानात येते. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा. विदर्भात तो एकात एक पाऱ्या घालूनही करतात. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर झाला की गोळे त्यात सोडायचे, वरून राख-निखारे ओढायचे, तडकले की काढून झटकायचे आणि चुरून वर तूप ओतायचे. पानग्यासाठी पीठ पानांच्या मध्ये ठेवून भाजतात, त्यामुळे राख लागत नाही आणि पानाचा वासही उतरतो. खानदेशात पालथ्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे हे याच घराण्यातले.

दुसरी युक्ती कोकणातली. श्रावण-भाद्रपदात वेलीवर जून झालेली तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून धोंडस करतात. मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतले की पातेले मंद आरावर ठेवायचे आणि झाकणीवर निखारे रचायचे. खालच्या धगीने तळ धरतो, वरच्या धगीने माथ्यावर तांबूस पापुद्रा येतो. एका पातेल्यात तात्पुरती भट्टी उभी करण्याची ही रीत आहे. या किनाऱ्यावर पुढे सणासाठी जे जे भाजले गेले, त्यात ती पुन्हा पुन्हा दिसते.

२. ताडी आणि पदेर

खमीर घालून फुगवलेला गव्हाचा पाव किनाऱ्यावर रुजला तो पोर्तुगिजांच्या काळात. अफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकले. १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पनवेलच्या खाडीपलीकडचा उरण-करंजा भागही या काळात पोर्तुगिजांच्या हाताखाली होता. या सत्तेला पाव दोन कारणांसाठी हवा होता. एक तर तो तिच्या सैनिकांचे आणि पाद्र्यांचे रोजचे अन्न होते. शिवाय कॅथलिक उपासनेत गव्हाच्या भाकरीला पर्याय नव्हता. प्रभुभोजनाची भाकर लॅटिन परंपरेत बेखमीर असते, पण तिच्यासाठी गहू, दळण आणि भाजण्याची सोय लागतेच. आणि सोय झाली की रोजचा पावही होतो.

अडचण खमिराची होती. युरोपातले मद्याच्या गाळाचे खमीर इथे नव्हते. ती जागा माडाच्या ताडीने भरून काढली. माडावरून उतरवलेला रस काही तासांतच हवेतल्या आणि मडक्यातल्या जंगली यीस्टने आंबू लागतो. तो पिठात मिसळला की पीठ फुगते. सासष्टी तालुक्यातल्या माजोर्ड्याला जेझुइटांनी स्थानिक लोकांना पाव भाजायला शिकवले, अशी गोव्यात परंपरागत समजूत आहे. या भट्टीवाल्याला पदेर म्हणतात.

पदेराची भट्टी विटांची, घुमटाकार. लाकडे थेट तळावर पेटवतात. विटा पुरेशा तापल्या की जाळ ओढून काढतात, तळ ओल्या फडक्याने पुसतात आणि लांब दांड्याच्या फळीवरून गोळे आत सरकवतात. जाळ विझलेला असतो. पाव भाजतो तो विटांत साठलेल्या उष्णतेवर. त्यातून निघणारे प्रकार ठरलेले आहेत. उंडो गोल, कडक कवचाचा, मधोमध चीर दिलेला. पोळी किंवा पोई कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ. तिचा कप्पा उघडून त्यात भाजी भरता येते. कातऱ्याच्या पावाला कात्रीने काप देऊन आकार आणतात. कांकण बांगडीएवढे, वाळलेले, चहात बुडवून खायचे. हे सगळे सायकलच्या मागच्या टोपलीत घालून भोंगा वाजवत पदेर पहाटे आणि संध्याकाळी दारोदार फिरतो. आज गोव्यातल्या अनेक भट्ट्यांवर काम करणारे हात शेजारच्या कर्नाटकातून आलेले आहेत आणि ताडीच्या जागी बहुतेक ठिकाणी बाजारचे यीस्ट आले आहे.

३. नाताळचा फराळ

गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा जो फराळ होतो, त्याला गोव्यात कुस्वाड म्हणतात. त्यातले पदार्थ पाहिले तर दोन परंपरा शेजारी बसलेल्या दिसतात. नेवऱ्या म्हणजे करंज्याच. दोदोल तांदूळ, गूळ आणि नारळाच्या रसाचा. कलकल शंकरपाळ्याच्या जातीचे, तळलेले. कणकेची छोटी गोळी फणीवर किंवा काट्यावर दाबून तिला शिंपल्यासारखी वळी देतात. दुसरीकडे बोल, रवा-खोबऱ्याची बाथ आणि मार्झिपान हे युरोपाकडून आलेले. त्यांनीही इथला माल स्वीकारला. मार्झिपानमधले बदाम इथे महाग, म्हणून काजू आले. आणि काजूचे झाडही पोर्तुगिजांनीच आणलेले.

दोन्ही परंपरा एकाच पातेल्यात भेटतात त्या बेबिंकात. नारळाचा दाट रस, पुष्कळ अंड्यांचे पिवळे बलक, साखर, थोडा मैदा आणि जायफळ यांचे सरसरीत पीठ करतात. भांड्यात तूप सोडून पिठाचा एक पातळ थर ओततात आणि निखाऱ्यांनी भरलेली झाकणी वर ठेवतात. वरून तांबूस झाला की चमचाभर तूप, मग दुसरा थर, पुन्हा झाकणी. धग मुख्यतः वरून लागते, कारण खालून लागली तर पहिले थर करपतात. सात थरांपासून सोळापर्यंत ही चढण चालते, आणि बाई तितका वेळ चुलीपुढून उठू शकत नाही. थंड झाल्यावर बेबिंका उलटा काढून कापला की एकाआड एक फिकट आणि गडद रेघा दिसतात. रीत धोंडसाचीच, फक्त धीर अनेक पटींनी जास्त. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

वसई, साष्टी आणि मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी भाषक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रूढ झाले. त्यांच्या सणाच्या पानातला खास पाव भट्टीतला नाही, कढईतला आहे. मैदा, अंडी आणि नारळाचा रस ताडीने आंबवतात. पीठ चांगले वर आले की मूठभर घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून गोळा दाबून काढतात आणि ओल्या बोटाने तोडून उकळत्या तेलात सोडतात. गोळा टम्म फुगतो, म्हणून ते फुगे. लग्नात आणि नाताळात सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या कालवणाबरोबर फुगे लागतातच. घरात भट्टी नसताना खमिराचा पाव कसा करायचा, याचे हे ईस्ट इंडियन उत्तर. रवा, खोबरे आणि अंड्यांची थाळीत भाजलेली गोड वडी मात्र पूर्वी थाळीसकट गावच्या भट्टीत जात असे, किंवा खाली-वर निखारे ठेवून घरी होई.

गोव्यात आणि वसईत हा फराळ ताटात मांडून, वर फडके झाकून शेजाऱ्यांकडे पाठवतात. हिंदू शेजारी दिवाळीत फराळाचे ताट पाठवतात, त्याची ही परतफेड असते. दोन ताटांतली करंजी आणि नेवरी कोणती कोणाची, हे सारणावरूनच ओळखावे लागते.

४. पाव खाल्ला म्हणून

ताटांची देवघेव सुरळीत असली तरी पावाला हिंदू घरात जागा मिळायला फार वेळ लागला. परधर्मीयाच्या हातचे, ताडीने आंबवलेले, भट्टीत भाजलेले अन्न म्हणजे बाटण्याचे साधन, ही समजूत खोल होती. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी पाव निवडला तो याच कारणासाठी. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस मंडळी स्थापन केली. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पिऊन जातिभेद मानत नसल्याची खूण पटवायची, असा तिचा रिवाज होता. मंडळी गुप्त होती. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीने ती विस्कटली.

तीस वर्षांनी पुण्यात तेच प्रकरण वेगळ्या रूपात उभे राहिले. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी यांनी नावे जाहीर केली, ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचे प्रकरण, झाले, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला आणि प्रायश्चित्तावर येऊन थांबला. आज चहाबरोबर बिस्कीट पुढे न करणे हा पाहुण्याचा अपमान समजला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांत एवढा पालट झाला, त्याचे श्रेय सभा-भाषणांपेक्षा गिरणगावाला आणि नाक्यावरच्या भट्टीला जास्त आहे. पाळी संपवून बाहेर पडलेल्या कामगाराला स्वस्त, तयार आणि हातात धरून खाता येईल असे अन्न हवे होते. पावभाजीने ती गरज भागवली. १९६० च्या दशकात दादरला वडापाव आला आणि पाव मराठी होऊन गेला.

सणाच्या नैवेद्यात मात्र तो आजही नाही. हिंदू पंचांगात पावाचा एकही दिवस नाही. रोडगा देवापुढे जातो, पाव जात नाही.

५. इराणी भट्टी आणि दिवाळीची नानकटाई

मुंबई-पुण्यात भट्टीचा धंदा वाढवला तो गोवेकरांबरोबर इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून याझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी नाक्यानाक्यावर हॉटेले आणि बेकऱ्या काढल्या. धोबी तलावची कयानी १९०४ ची, ग्रँट रोडची मेरवान १९१४ ची, पुण्याच्या कॅम्पातली कयानी बेकरी १९५५ ची.

या भट्टीचा दिवस उष्णतेच्या उताराप्रमाणे चालतो. भट्टी सर्वांत कडक असते तेव्हा ब्रून पाव. हे गोळे सुटे ठेवतात, म्हणून चहूबाजूंनी कवच येते. मग लादी पाव. पत्र्यात गोळे एकमेकांना खेटून मांडतात. फुगताना ते एकमेकांना चिकटतात, म्हणून कडा मऊ राहतात आणि कवच फक्त माथ्याला येते. धग उतरली की मावा केक, नानकटाई आणि खारी. शेवटी रात्रभर उरलेल्या उबेत पावाच्या चकत्या वाळतात आणि टोस्ट होतो. लाकडाची एकही ढलपी वाया जात नाही.

नानकटाईचे मूळ सुरतेत सांगतात. डच लोक गेल्यावर त्यांची भट्टी पारशी दोतीवाला घराण्याकडे आली. ताडी आणि अंडी यांमुळे गिऱ्हाईक बिचकू लागले, तेव्हा दोन्ही वगळून तूप-साखर-मैद्याची कोरडी खताई निघाली, अशी ती कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो, नानकटाईला हिंदू घरात प्रवेश मिळाला तो तिच्यात शंका घेण्याजोगे काही नव्हते म्हणून.

प्रवेशाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. मुंबई-पुण्याच्या चाळी-वाड्यांतून दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बायका-मुले तूप, पिठीसाखर, मैदा, रवा आणि वेलदोडे डब्यांत भरून बेकरीत नेत. भट्टीवाला परातीत तूप-साखर तळहाताने फेटून पांढरी करी, पीठ मिसळे आणि गोळे पत्र्यांवर मांडी. प्रत्येक घराच्या पत्र्याला चिठ्ठी. माल आपला, धग त्याची; मजुरी किलोवर. डब्यांची रांग लागे, कोणाचा पत्रा कोणाकडे गेला यावरून बाचाबाची होई आणि संध्याकाळी गरम डबा फडक्यात गुंडाळून घरी येई. चकली-चिवडा घरी, नानकटाई भट्टीत, अशी वाटणी पक्की होती. आज रेडिमेड पुडे आणि घरचे ओव्हन आल्यावर ही रांग आटली आहे, तरी जुन्या वस्त्यांतल्या काही बेकऱ्या अजून डबे घेतात.

६. आल्प्सच्या डोंगरातली तुलना

भट्टी घरात नसणे ही केवळ इथली गोष्ट नव्हे. स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात राय धान्याचा काळा पाव गावच्या सामाईक भट्टीत भाजत. इंधन जपायचे म्हणून भट्टी वर्षातून दोन-तीनदाच पेटे. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे आणि भाजलेले पाव फळ्यांवर रचून महिनोन्महिने पुरवत. शेवटी ते इतके कडक होत की फोडून खावे लागत. या पावाला २००४ पासून संरक्षित उगमनामाचा दर्जा आहे. सामाईक धग, ठरलेली पाळी, घराघराचा माल : दिवाळीच्या नानकटाईची व्यवस्था याहून फार वेगळी नव्हती.

फरक पंचांगाचा आहे. स्विस लोकांच्या सणांना स्वतःचे पाव आहेत. रविवारसाठी पांढऱ्या पिठाचा, दूध-लोण्याचा, वेणी घातलेला त्सोप्फ. ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, माणसाच्या आकाराचा गोड पाव. नाताळच्या आठवड्यांत दालचिनीच्या चांदण्या आणि बाझलची मध-मसाल्याची लेकर्ली. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोळे जोडून केलेला पाव. त्यात लपवलेली राजाची छोटी बाहुली ज्याच्या घासात येईल, तो दिवसभर कागदी मुकुट घालून घरचा राजा. हा शेवटचा रिवाज मागे पडला होता. १९५० च्या दशकात पावाचा अभ्यासक माक्स व्हेरेन आणि तिथल्या बेकरांच्या संघटनेने तो पुन्हा चालू केला. परंपरा टिकवायला कारागिरांची संघटना आणि अभ्यासक एकत्र आले तर काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

७. नवी मुंबईची ताटे

नवी मुंबईला जुनी भट्टी नाही. आगरी-कोळी गावांची भाकरी तांदळाची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल आला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल पोचली आणि माणसे आली ती आपापले सण घेऊन. लाकडाच्या भट्टीभोवती वस्ती वाढण्याऐवजी इथे सेक्टर आधी आखले गेले. बेकरी दुकानाच्या गाळ्यात आली, तीही बहुतेक विजेवर नाहीतर गॅसवर. लादी पाव पहाटे सायकलवर आणि स्कूटरवर येतो.

नेरूळ, बेलापूर, वाशीत केरळी ख्रिस्ती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातल्या सीरो-मलबार पंथीयांचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये झाला. नाताळचा काळा प्लम केक या केरळी कुटुंबांत घरचाच मानतात. तलश्शेरीच्या मंबली बापू यांनी १८८३ मध्ये एका इंग्रज मळेवाल्यासाठी तो पहिल्यांदा केला आणि आंबवणीसाठी स्थानिक दारू वापरली, असे केरळात सांगतात. पवित्र गुरुवारी हीच कुटुंबे घरी तांदूळ-उडदाची बेखमीर पेसहा भाकर करतात. ती वाफवतात, वर झावळीच्या पात्याचा क्रूस ठेवतात आणि घरातला वडीलधारा मोडून सर्वांना देतो. मूळ यहुदी वल्हांडणाकडे जाते, आणि पनवेलला १८४९ पासून बेने इस्रायलांचे बेथ एल सभास्थान उभे आहे. बेखमीर भाकरीच्या सणाच्या दोन शाखा काही किलोमीटरच्या अंतरात आजही पाळल्या जातात.

या सगळ्या ताटांचा माल एकाच दारातून जातो. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारात आणि धान्य बाजारात दिवाळीआधी वेलदोडे, रवा आणि काजूला मागणी चढते. ती उतरायच्या आत केकसाठी बेदाणे, खजूर आणि जायफळ उचलायला बेकरीवाले येतात.

८. धूर आणि कसब

मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी हवेच्या प्रदूषणावरील सुनावणीत लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणाव्यात, असा आदेश दिला. जुन्या बेकऱ्यांनी खर्चाचा आणि चवीचा प्रश्न उपस्थित केला. खर्चाचा प्रश्न खरा आहे. छोट्या भट्टीवाल्याला मदत लागेल. चवीचा प्रश्न मात्र नीट मांडायला हवा. पावाची चव लाकडाच्या धुरात थोडी असते. बरीचशी ती विटांच्या साठलेल्या धगीत, भट्टीच्या उताराबरोबर माल बदलण्याच्या शहाणपणात आणि पीठ आंबायला दिलेल्या वेळात असते. विटांची भट्टी गॅसवरही तापते. कारखान्यात आंबवणीचे तास मिनिटांवर आणले, तर मात्र पाव फिका होतो, मग इंधन कोणतेही असो.

राखायचे काय, हे त्यावरून ठरते. धूर जाऊ द्यावा. ताडीच्या खमिराचे ज्ञान, उतरत्या धगीचे वेळापत्रक आणि घरचा डबा घेणारे भट्टीचे दार ही तीन कसबे टिकावीत. पहिल्या दोन्हींची नोंद हॉटेल-व्यवस्थापनाच्या संस्थांनी म्हाताऱ्या कारागिरांजवळ बसून आत्ताच करावी, कारण ती पुस्तकात नाही. तिसऱ्यासाठी नोंद पुरत नाही, गिऱ्हाईक लागते. नवी मुंबईतल्या बेकऱ्यांनी दिवाळीच्या आणि नाताळच्या आठवड्यात मजुरीवर डबे घ्यावेत आणि सोसायट्यांनी ते पाठवावेत. डबा आला तर दार उघडे राहील.